सतरंजी कुठंय?

आमच्या मंडळीच्या ग्रुपवर कशालाही आमेन येतं. उद्या देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) टाकीत पाणी नाही, आमेन. कुणाच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आमेन. फाटकात आडवी लावलेली पांढरी गाडी कृपया काढावी, आमेन, आमेन, जोडलेले हात. एकदा मी वैतागून लिहिलं, 'काल घरप्रार्थनेला पाच माणसं होती, त्यात दोन त्या घरातलीच. आपल्याला लाज वाटायला हवी.' त्यालाही सतरा आमेन आले. गाडी मात्र फाटकातच होती.

हे सगळं सांगायचं कारण मावशी. ती माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या मंडळीची. वय सत्तरीच्या पुढं. नवरा पूर्वी देवळाचा राखणदार होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मावशीला घरकुल मंजूर झालं, तिच्या पत्र्याच्या खोपीशेजारी सिमेंटचं पक्कं घर उभं राहिलं, आणि मग तिला एकच गोष्ट हवी होती. तिच्या नव्या खोलीत मंडळीनं सतरंजी टाकून एकदा प्रार्थना करावी. आमच्यात नवं घर झालं की आधी मंडळी येते, गाणं होतं, वचन वाचतात, पाळकसाहेब घराच्या समर्पणाची प्रार्थना करतात, आणि मग त्या घरात चूल पेटते. तोवर पेटवायची नाही. नव्या लोकांपैकी हा नियम किती जण पाळतात देव जाणे, पण मावशी पाळून होती. तिची एवढीशी इच्छा पुरी व्हायला दोन वर्षं लागली. त्यातला निम्म्याहून जास्त दोष माझा आहे, उरलेला कुणाकुणाचा ते सांगते.

मी लातूरला एका ज्युनियर कॉलेजात क्लार्क आहे. मूळची मुखेडकडची. लग्न करून या गावात आले तेव्हा हे तालुक्याचं नाव लावलेलं खेडंच होतं. देवळात रविवारी बारा-पंधरा घरं यायची आणि सगळी जमिनीवर, एका जाडजूड निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या सतरंजीवर बसायची. पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं, मधल्या तांबड्या पट्ट्यावर कुणी बसायचं नाही, तो पाळकसाहेबांना यायला-जायला. मग रस्ता चारपदरी झाला. लातूरचं घरभाडं लोकांना झेपेना, आणि लातूरला नोकऱ्या करणारी माणसं इथं प्लॉट घेऊन राहू लागली. कुणी उमरीहून आलं, कुणी उदगीरहून, कुणी देगलूरकडचं, घरात तेलुगू बोलणारं. नर्सा, मास्तर, बँकवाले, एमआयडीसीतले. यांना आम्ही अपडाऊनवाले म्हणतो. सकाळी साडेसातला गाव रिकामं होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातला थकूनभागून, तोंड पाडून परत येतं. मीही त्यातलीच आहे, म्हणून बोलायचा हक्क सांगते.

मंडळी वाढली, देवळात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आता पंख्याखालच्या खुर्च्यांवरून रुसवेफुगवे होतात. माणसं दर रविवारी शेजारी बसतात आणि एकमेकांना 'तुम्ही कुठल्या कॉलनीत?' असं विचारतात, तेही दर रविवारी. म्हणून कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की जुन्यासारखी दर शुक्रवारी घरोघरी प्रार्थना सुरू करावी, म्हणजे ओळखी होतील. सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हणाले, 'पण मग पाळ्यांची वही नीट ठेवायला हवी.' झालं! बोलणारीच्या गळ्यात वही आली. सेक्रेटरीसाहेबांनी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक टापटिपीचे गृहस्थ, त्यांनी लगेच नवी कोरी वही माझ्या हातात ठेवली. बहुतेक ती घरूनच घेऊन आले होते.

देवळातून हद्दपार झालेली सतरंजी या घरप्रार्थनांसाठी बाहेर निघाली. तिची रीत जुनीच ठेवली. ज्याच्या घरी प्रार्थना झाली त्याच्याकडं सतरंजी राहायची, पुढची पाळी ज्याची त्यानं येऊन न्यायची. म्हणजे सतरंजी जिथं, तिथं शेवटची पाळी झाली. सोपं होतं, आणि मला तर फारच सोयीचं. कारण मी स्वतः शुक्रवारी निम्म्या वेळा पोचतच नव्हते. बस कधी लातूरच्या स्टँडवरच अर्धा तास उभी, कधी कॉलेजात परीक्षेचे फॉर्म. मग शनिवारी सकाळी बसमध्ये खिडकी मिळाली की मी ग्रुपवर लिहायची, 'सतरंजी कुठंय?' उत्तर यायचं, 'आमच्याकडं आहे, ताई.' मी वहीत त्या घरासमोर बरोबरची खूण करायची आणि डोळे मिटून घ्यायची. कॉलेजात वीस वर्षांत माझ्या रजिस्टरला कुणी नाव ठेवलेलं नाही. या वहीलाही कुणी ठेवणार नाही अशी माझी खात्री होती.

पाळी ठरवताना मात्र माझ्या नाकी नऊ यायचे. 'ह्या शुक्रवारी नको ताई, आम्ही फरशी बसवून राहिलो.' 'मिस्टरांची सेकंड शिफ्ट आहे.' 'आमच्या कॉलनीत नळाला परवा येणार पाणी, इतक्या लोकांचे कप कशात धुवायचे?' एका बाईंनी उलट पाळी लवकर मागितली, कारण नवा सोफा आला होता आणि त्यावर अजून कुणी बसलं नव्हतं. वर खाण्याची चढाओढ. पहिल्या महिन्यात चहा-बिस्किटं होती. मग पोहे आले, मग इडली, मग कुणीतरी पावभाजी केली आणि त्यानंतर पावभाजीच्या खाली यायची कुणाची हिंमत होईना. प्रार्थना वीस मिनिटं, पावभाजी तासभर. आणि तांबड्या पट्ट्यावर, निळ्या पट्ट्यावर, सगळीकडं भाजीचे डाग.

ती सतरंजी धुवायची कुणी? कोरडी असतानाच दोन माणसांना जड, भिजली की हलत नाही. कॉलन्यांमध्ये आठ दिवसांनी पाणी येणार, ते सतरंजीवर कोण ओतणार? मावशीच्या घराजवळ हापसा आहे. तेव्हा न ठरवता ठरून गेलं, सतरंजी मळली की मावशीकडं द्यायची. ती धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायची आणि पुढच्या पाळीवाला तिच्याकडून घेऊन जायचा. मला हे माहीत होतं का? कानावर होतं. पण कुठली गोष्ट कानावर असते आणि कुठली डोक्यात जाते, यात फरक असतो.

मावशी सकाळी एसटी स्टँडच्या कडेला मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसते. माझी बस तिथूनच सुटते. एक दिवस मी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागून हाक आली.

"सलाम, पोरी. माझी पाळी कवा हाय गं?"

"वही बघून सांगते मावशी," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सांगितलंही. "मावशी, तुमची झाली की! पावसाळ्याच्या आधीच झालीय."

"झाली म्हन्तीस?"

"वहीत आहे ना."

"मग आसंल," ती म्हणाली आणि जुड्यांवर पाणी शिंपडायला लागली. कंडक्टरनं घंटी मारली. मला वाटलं, वय झालं, बिचारी विसरत असेल. दिवाळीनंतर तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा वही बघितली, तर खूण अगदी ताजी, दुसरी. जरा चिडूनच म्हणाले, "मावशी, तुमची दोनदा झाली. काही घरांची अजून एकदाही नाही." त्यानंतर तिनं मला विचारणं सोडून दिलं, फक्त सलाम करायची आणि कोथिंबिरीची एक जुडी जास्तीची टाकायची.

पुढचा उन्हाळा. माझ्या घरची पाळी होती. ग्रुपवर विचारलं, सतरंजी कुठंय, उत्तर आलं, मावशीकडं. शनिवारची सुट्टी होती म्हणून मी स्वतःच आणायला निघाले. मावशीची वस्ती रस्त्याच्या पलीकडं. तो चारपदरी रस्ता ओलांडणं म्हणजे जिवावरचा खेळ. मधल्या दुभाजकाला जिथं वाट ठेवलीय तिथं कुणी राहत नाही आणि जिथं माणसं राहतात तिथं दीड हात उंच भिंत. साडी सावरत, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात, दुपारी बाराच्या उन्हात मी त्या भिंतीवर चढले. नवऱ्याला पाठवायला हवं होतं असं म्हणतच पलीकडं उतरले.

मावशी पत्र्याच्या खोपीत भाकरी करत होती. वर पत्रा तापलेला, खाली चूल, मध्ये ती. नुसतं दारात उभं राहून मला घाम फुटला. आणि चार पावलांवर नवं घर, हिरव्या रंगाचं दार, दाराला कडी घातलेली. मी खिडकीतून डोकावून पाहिलं. खोली झाडून-पुसून लख्ख, आणि पूर्ण रिकामी. एक खिळासुद्धा ठोकलेला नाही.

"मावशी, त्या घरात का नाही करत स्वयंपाक? या भट्टीत कशाला मरता?"

"प्रार्थना न्हाई झाली आजून."

"झाली की!" माझा आवाज चढला. वही पिशवीतच होती, काढली. "ही बघा. ही गेल्या वर्षी मे महिन्यात. ही दिवाळीच्या सुमाराला. आणि ही मागच्या महिन्यात. तीन वेळा!"

मावशीनं हात पदराला पुसले, वही लांब धरून तिन्ही खुणा पाहिल्या. तिला बायबल वाचता येतं, माझं अक्षरही आलं असतं. पण वाचायला खुणांशिवाय होतं काय?

"तवा तर धुवाय आलती," ती म्हणाली. "तीनदा धुतली की मी."

मी वही परत घेऊन त्या खुणांवर बोट ठेवलं.

"मला वाटलं, तुमचा कायदाच आसंल तसा. जी धुती तिची पाळी धुन्यातच धरतेत. तुमी शिकलेली मान्सं, वहीत लिव्हलं म्हंजी काय तर आसंल."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, जणू बसचं वेळापत्रक बदलल्याचं सांगत होती. मी ओट्यावर बसले. सतरंजी जिथं तिथं पाळी झाली, हे गणित माझंच होतं. वही माझी, खुणा माझ्या, निळ्या शाईतल्या, एकीलाही खाडाखोड नाही. आणि या बाईला मी स्टँडवर चारचौघांत सांगितलं होतं की तुमची दोनदा झाली. त्या क्षणी मला स्वतःचा इतका संताप आला की सतरंजी न घेताच मी परत फिरले आणि दुभाजकाशी पोचल्यावर ते लक्षात आलं.

घरी येऊन ग्रुपवर भलामोठा मेसेज लिहिला. चूक माझी आहे, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. बावीस आमेन आले. मग एकेकाला फोन केले. दोन वर्षांत तीन शुक्रवार असे गेले की सतरंजी मावशीकडं धुवायला गेली, पाळीवाल्यानं ती नेलीच नाही, प्रार्थनाच झाली नव्हती आणि कुणाला पत्ता नाही! प्रत्येकाचं एकच, 'मला वाटलं तुम्ही गेला होतात.' सेक्रेटरीसाहेबांनी तर कमाल केली. "असं कसं? मावशीकडची प्रार्थना मला आठवते ना," ते म्हणाले. "चहा छान झाला होता." मी कपाळावर हात मारून घेतला.

ठरलं, पुढच्याच शुक्रवारी मावशीकडं. मी ग्रुपवर तीन दिवस रोज लिहिलं. मावशीनं चाळीस माणसांची सुशीला करायची म्हणून मुरमुऱ्याचं पोतं आणलं. आणि त्या शुक्रवारी माझी बस रस्त्यातच बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून त्यात मान घालून उभा, आणि मी बाभळीखाली फोन कानाला लावून. सेक्रेटरीसाहेब लग्नाला गेलेले. नर्सबाईंची ड्यूटी वाढलेली. बाकीच्यांना वाटलं बाकीचे जातील. पाळकसाहेब आणि दोन म्हाताऱ्या, एवढीच मंडळी पोचली. शेजारच्या बौद्ध घरांतल्या बायका मात्र वेळेवर, हातपाय धुऊन, आपापल्या घरच्या खुर्च्या घेऊन अंगणात येऊन बसल्या होत्या. पाळकसाहेब म्हणाले, समर्पण आहे, मंडळी हवी, पुढच्या वेळी करू. मावशीनं सगळी सुशीला वस्तीत वाटली. दुसऱ्या दिवशी स्टँडवर तिनं मला विचारलं ते एवढंच, "बस कवा सुदरली मग?"

त्याच्या पुढच्या शुक्रवारी क्रिकेटची मॅच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाळकसाहेबांना नांदेडला बैठक. मग कमिटीत सेक्रेटरीसाहेब उठले आणि म्हणाले, हे असं घाईघाईत करायला नको, पावसाळा संपला की मंडप टाकून, माईक लावून, जेवण ठेवून मोठा कार्यक्रम करू, मावशींचा सत्कारही करू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात एखादी गोष्ट करायची नसली की तिचा मोठा कार्यक्रम करतात. मी म्हणाले, "तिला सत्कार नकोय, तिला चूल पेटवायचीय." "तेच म्हणतोय मी," सेक्रेटरीसाहेब म्हणाले आणि पुढच्या विषयाला लागले. पुढचा विषय फाटकातली गाडी.

मेच्या शेवटाला एका संध्याकाळी वादळी वारं सुटलं. बसस्टँडसमोरची दोन होर्डिंगं पडली, वीज गेली. सकाळी मावशी स्टँडवर दिसली नाही म्हणून मी बस सोडली आणि तिच्याकडं गेले. खोपीचे पत्रे उडून शेजारच्या शेतात पडले होते. मावशी नव्या घराच्या ओट्यावर, बंद दाराला पाठ लावून बसलेली. अंथरूण ओलं. बाहेर, ओट्यावरच झोपली होती. दाराची कडी तशीच.

"मावशी!" मी ओरडलेच. "आत का नाही गेलात? अहो, देव काय म्हणणार होता का तुम्हाला?"

"देव न्हाई म्हनायचा," ती म्हणाली. "मीच म्हनीन. मालक देवळात झाडू मारून गेले, सगळ्यांच्या घराला पाळकसायबाच्या मागं सतरंजी घिऊन गेले. माझ्याच घराला मंडळी न्हाई आली, तर मी आत जाऊन काय करू? भिताडं बघत बसू?"

मी तिच्याशी भांडले, अक्षरशः भांडले. हट्टी आहात म्हणाले. ती हो म्हणाली. मग तिनं मला चहा दिला, तीन दगडांच्या चुलीवर, अंगणात.

त्या रविवारी मी उपासनेच्या अर्धा तास आधी देवळात गेले. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, तीन गावच्या मंडळ्या सांभाळतात, मोटरसायकलवर असतात आणि कायम घड्याळ बघतात. आतल्या खोलीत झगा अंगात चढवत होते. मी म्हणाले, "साहेब, आज उपासनेत शेवटचा आशीर्वाद देऊ नका."

"म्हणजे? उपासना अर्धवट सोडायची?"

"अर्धवट नाही. मावशीच्या घरी पुरी करायची. आशीर्वाद तिथं द्या."

त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेबाराला त्यांची दुसऱ्या गावी उपासना. "कमिटीला विचारलंत?"

"नाही."

"मग जमेल," ते म्हणाले.

आमची माणसं उपदेशात पेंगतील, बायबलच्या आड मोबाईल बघतील, दान गोळा करताना नेमकी पाणी प्यायला बाहेर जातील, पण आशीर्वाद घेतल्याशिवाय देवळाची पायरी उतरणार नाहीत. आजारी माणूससुद्धा तेवढ्यासाठी भिंतीला धरून उभा राहतो. शेवटचं गाणं झालं. खिशांतून गाडीच्या किल्ल्या निघाल्या, बायकांनी पर्सा खांद्याला लावल्या, सगळे माना खाली घालून उभे राहिले. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आशीर्वाद मावशींच्या घरी होईल. चला."

किल्ल्या हातातच राहिल्या. मग मागून एकानं विचारलं, "कुठं?"

"रस्त्याच्या पलीकडं," मी म्हणाले. "चालत. दुभाजकावरून."

सेक्रेटरीसाहेब माझ्याकडं आले, कानाशी वाकून म्हणाले, "हे ठरलं कधी?" मी म्हणाले, "तुम्ही होतात की. चहा छान झाला होता." त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि बाहेर गेले. मोठ्या कार्यक्रमासाठी म्हणून मावशीकडून आणलेली सतरंजी दोन आठवडे त्यांच्या गाडीच्या डिकीत होती. तिची एक बाजू त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली.

इस्त्रीचे शर्ट, जरीच्या साड्या, उंच टाचांच्या चपला, सगळी वरात दुपारच्या उन्हात त्या भिंतीवरून उतरली. ट्रक थांबले. सोफेवाल्या बाई म्हणाल्या, "अगं बाई, मावशी हे रोज चढून येतात?" मी म्हणाले, "रोज." मावशी सगळ्यांच्या पुढं, जवळजवळ पळत. मध्येच मागं वळून माझ्यावर ओरडली, "आदी सांगायचं न्हाई व्हय गं? घरात मुरमुरेबी न्हाईत!"

हिरव्या दाराची कडी तिनं काढली. चपला बाहेर सुटल्या. सेक्रेटरीसाहेब आणि पाळकसाहेबांनी सतरंजी उलगडली, एकानं या भिंतीकडं ओढली, दुसऱ्यानं त्या. मला वाटलं होतं घरकुलाची खोली, निम्मी दुमडावी लागणार. ती दुमडावी लागली नाही. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, दाराच्या उंबऱ्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत ती जशीच्या तशी बसली. बोट शिरेल एवढी जागा उरली नाही.

सेक्रेटरीसाहेब वाकून कड बघत राहिले. "मावशी, खोली किती बाय कितीची आहे ही?"

"फूट-बिट मला काय ठाव," मावशी म्हणाली. "पाया काढला तवा देवळात नुकत्या खुर्च्या आलत्या, सतरंजी धुवाय आलती. हितं मातीवर हातरली आन मिस्त्रीला म्हनलं, हिच्या कडंकडंनं चुना टाक. मागं सैपाकाला जागा कमी पडती म्हनला. पडू दे म्हनलं."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. म्हातारी माणसं आपोआप बसली, पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं. त्यांचं बघून नवी माणसंही तशीच बसली. तांबडा पट्टा मोकळा राहिला. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते अंगणात उभे राहिले, शेजारच्या बायकाही आपल्या खुर्च्या घेऊन आल्या. पेटी नव्हती, तरी गाणं झालं. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं नाही. समर्पणाची प्रार्थना झाली, मग हात वर करून त्यांनी आशीर्वाद दिला, आणि सगळे आमेन म्हणाले. दोन वर्षांत मला न खुपलेलं ते पहिलं आमेन.

मावशीनं मागच्या अरुंद जागेत चूल पेटवली आणि सगळ्यांना चहा केला. कपांऐवजी पेले, स्टीलचे, शेजारणींच्या घरून आलेले. माणसं निघाली तेव्हा सतरंजीवर अंगणातली माती, चहाचे थेंब, कुणाच्या तरी बाळाचं बिस्कीट. मावशीनं आणि मी घडी घातली. घडी तिनं माझ्याच हातावर ठेवली.

"ह्या बारीला तू धू," ती म्हणाली. "तीनदा मी धुतली, तीनदा वाट बघितली. आता माझी पाळी झाली, मी न्हाई धुनार."

बरोबरच होतं तिचं. मी सतरंजी घरी आणली. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते, साठवलेल्या दोन पिंपांपैकी दीड त्या सतरंजीनं प्यायलं. साबण निघता निघेना. भिजल्यावर तर मला आणि नवऱ्याला मिळूनही ती गच्चीपर्यंत नेववेना, शेवटी जिन्याच्या कठड्यावरच टाकली. नवरा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मावशी कुणाला घेऊन वाळत घालायची ही?" मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, 'सतरंजी कुठंय?' मी ओल्या बोटांनी लिहिलं, 'माझ्याकडे आहे, धुवायला. माझी पाळी झालेली नाही.' लगेच चार आमेन आले.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी मावशीला तेच विचारलं, वाळत घालायला मदतीला कोण असायचं म्हणून. "कोन आसनार?" ती म्हणाली. "भिजली की उचलत न्हाई. हापश्यापास्नं काट्याच्या कुपाटीपतुर वढत न्यायची, मग एक-एक कोना वर टाकायचा. सकाळी लागलं की दुपार व्हायची." तिनं जुड्यांवर पाणी शिंपडलं. तिन्ही वेळा दुसऱ्या सकाळी मी याच बसमध्ये खिडकीशी बसून तिच्या नावासमोर खूण केली होती आणि डोळे मिटून घेतले होते.